पट्ट्या बांधणाऱ्याची मर्दुमकी: नर्सिंग असिस्टंट लढाईत नेमकं काय करतो?

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा बारावी सायन्सला आहे आणि सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून जायचं त्याने डोक्यात घेतलंय. मुलाचा मामा म्हणतो, "मागे तंबूत बसून पट्ट्या बांधायच्या, त्यात कसली मर्दुमकी? जायचंच तर पायदळात जा." ताईंना मात्र उलटी धास्ती आहे: गोळीबारात बाकीचे आडोसा धरतील तेव्हा नेमका हाच उठून पुढे धावणार ना? दोघांपैकी खरं कोणाचं, असा त्यांचा प्रश्न.

ताई, मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. आता कळव्याला असतो आणि रबाळे, महापेच्या कारखान्यांत कामगारांना प्रथमोपचार शिकवतो. मामांचं साफ चुकतंय, आणि तुमचं अर्धं बरोबर आहे. चुकलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, पण आधी तंबूचं बघू.

पलटणीबरोबर एक डॉक्टर असतो, आरएमओ. त्याचं ठाणं म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट. नाव भारदस्त असलं तरी डोंगरात ते म्हणजे एखाद्या खडकाच्या पोटाशी ताणलेली ताडपत्री, दोन स्ट्रेचर आणि औषधांच्या पेट्या. त्याच्या मागे फील्ड हॉस्पिटल, त्याच्या मागे बेस हॉस्पिटल, आणि पार शेवटी खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल किंवा पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, जे 1944 पासून पाय गमावलेल्या जवानांना पुन्हा उभं करतंय. या सगळ्या साखळीच्या पुढे, तुकडीबरोबर चालतो तो नर्सिंग असिस्टंट. शिवाय पलटणीतलेच काही जवान प्रथमोपचारात तयार केलेले असतात, त्यांना बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. जखमीपाशी पहिला पोचणारा माणूस बहुतेक वेळा यांच्यापैकीच असतो, डॉक्टर नव्हे. म्हणून पलटणीतली पोरं त्यालाच "डॉक्टर साब" म्हणतात. सुरुवातीला संकोच वाटतो, नंतर त्या हाकेची जबाबदारी कळते.

मामांना गलवानची 15 जून 2020 ची रात्र आठवत असेल. त्या रात्री गोळी चालली नाही. दगड, लोखंडी सळ्या आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी हाणामारी झाली आणि आपले 20 जवान गेले. 16 बिहार पलटणीबरोबर नाईक दीपक सिंह हे नर्सिंग असिस्टंट होते, मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्याचे. दगडफेकीत ते स्वतः जबर जखमी झाले, तरी त्या अंधारात आणि थंडीत त्यांनी तीसहून अधिक जवानांवर उपचार केले. शेवटी तेच वाचले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळालं, आणि त्यांच्या पत्नी रेखा सिंह पुढे चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून अधिकारी होऊन सैन्यात दाखल झाल्या. तंबू कुठे होता, ते मामांनाच विचारा.

आणखी एक गोष्ट मामांना सांगा. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा मिळवणारी माणसं आजवर तीनच झाली, आणि त्यातले दोघे सैन्याचे डॉक्टर होते. आर्थर मार्टिन-लीक यांना पहिलं दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मिळालं आणि दुसरं पहिल्या महायुद्धात, 1914 साली. मधल्या काळात ते आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेचे डॉक्टर होते. दुसरे नोएल शवास. 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत रात्रभर दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जखमी शोधत फिरले. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये स्वतः जखमी असूनही मागे जायला नकार दिला आणि त्यातच मृत्यू आला. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्यातल्या शिपाई-हवालदारांपैकी सगळ्यात जास्त शौर्यपदकं कमावणारा विल्यम कोल्टमन हा स्ट्रेचर उचलणारा होता. धर्मश्रद्धेमुळे त्याने एकही गोळी झाडली नाही.

आता तुमच्या धास्तीकडे येतो, ताई. तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे, गोळ्या सुटतायत आणि पोरगा जीव मुठीत धरून जखमीकडे धावतोय, ते सिनेमाचं आहे. खरं प्रशिक्षण याच्या उलट शिकवतं. 1996 साली अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी लढाईतल्या उपचारांची नवी पद्धत मांडली, आणि आज बहुतेक सैन्यं तीच धरून चालतात. त्यातला पहिला टप्पा म्हणजे गोळीबार चालू असतानाचा. या टप्प्यात उपचार जवळजवळ नसतोच. आधी उलटा मारा करायचा आणि शत्रूचं डोकं खाली दाबायचं. जखमीला ओरडून सांगायचं: हात चालत असेल तर फायर कर, सरकता येत असेल तर आडोशाला सरक, पायातून रक्त वाहत असेल तर तुझा टूर्निकेट (रक्त थांबवायचा आवळपट्टा) तूच लाव. तुमचा मुलगा तिथे रायफल घेऊनच असेल. जिनिव्हा करारातही वैद्यकीय माणसाला स्वतःच्या आणि जखमींच्या बचावासाठी शस्त्र वापरायची मुभा आहे.

कारण साधं आहे. एक जखमी पडलेला असताना डॉक्टर साब पण पडला, तर आता दोन जखमी आणि उपचार करणारा कोणीच नाही. नेमबाज मुद्दाम एकाला जखमी करून सोडतात आणि त्याला उचलायला येणाऱ्याची वाट बघत बसतात. तेव्हा जाण्याइतकीच न जाण्यालाही छाती लागते. पन्नास पावलांवर आपला माणूस "साब, साब" करत पडलाय आणि तुम्ही दगडामागे थांबून आधी कव्हर मागताय. ते दीड-दोन मिनिटं अंगावर येतात. नव्या पोराचे पाय आपोआप सुटतात, आणि सीनियर त्याला पट्ट्याला धरून मागे खेचतो. मला विचाराल तर, धावणाऱ्याचं धाडस सगळ्यांना दिसतं, या थांबणाऱ्याचं कोणाच्या नोंदीतही येत नाही.

जखमी आडोशाला आला की खरं काम सुरू होतं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीची मोठी शीर तुटली तर तीन ते पाच मिनिटांत खेळ संपू शकतो. 2001 ते 2011 या काळात इराक-अफगाणिस्तानात मेलेल्या 4,596 अमेरिकी सैनिकांचा अभ्यास झाला. त्यातले 87 टक्के रुग्णालयात पोचायच्या आधीच गेलेले. या आधीच गेलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाचू शकला असता, आणि अशा वाचू शकणाऱ्यांपैकी दर दहांतले नऊ केवळ रक्तस्रावाने गेले होते. म्हणजे मोठा सर्जन, मोठं ऑपरेशन नंतरचं. त्या पाच मिनिटांत शेजारी कोण आहे आणि त्याचे हात काय करतायत, यावर सगळं ठरतं.

आणि ते हात हळू चालले पाहिजेत. हळू म्हणजे क्रमाने. टूर्निकेटचा पट्टा जखमेच्या दोन-तीन इंच वर, गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीच नाही. जखम दिसत नसेल आणि घाई असेल तर कपड्यांवरूनच, जितका वर जाईल तितका. आधी पट्टा ओढून अंगाशी घट्ट करायचा आणि मग दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. इथे जखमी तुमचं मनगट धरतो, शिव्या घालतो, "खोल, खोल" म्हणून ओरडतो. नीट बसलेला टूर्निकेट असह्य दुखतो. दया येऊन अर्धा पीळ सैल केलात तर रोहिणीतून रक्त आत येतच राहतं, परत जायची वाट मात्र बंद होते, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. म्हणून त्याचा आरडाओरडा ऐकत, त्याच्याशी बोलत, दांडी अडकवायची आणि वेळ लिहायची. कागद नसेल तर कपाळावर.

मग अंगावरून हात फिरवायचा: मान, काखा, पाठीखाली, जांघा. प्रत्येक ठिकाणाहून हात बाहेर काढून बोटं बघायची. रात्री रंग दिसत नाही, तेव्हा ओल आणि ऊब यावर चालायचं. पाठीतली छोटी जखम अशीच सुटते; समोरून माणूस ठीक दिसतो आणि फुप्फुसाभोवती हवा कोंडत जाते. त्यानंतर श्वासमार्ग, छाती, नाडी, आणि शेवटी पांघरूण. पांघरुणाचं लोकांना हसू येतं, पण रक्त गेलेला माणूस राजस्थानच्या उन्हातही गार पडतो, आणि गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही.

एका नाल्यातली गोष्ट सांगतो. जागेचं नाव राहू दे. दोघे जखमी होते. एकाच्या हाताच्या पंजाची चाळण झालेली, तो आकाशपाताळ एक करत होता. दुसरा भिंतीला टेकून गप्प बसलेला, विचारलं तर "मी ठीक आहे, त्याला बघा" म्हणाला. माझ्याबरोबर एक नवं पोरगं होतं, सातारकडचं, जेमतेम बावीस वर्षांचं. ते ओरडणाऱ्याच्या बाजूने गेलंच नाही. सरळ गप्प बसलेल्याकडे गेलं, जॅकेटची चेन खाली ओढली आणि काखेत हात घातला. हात कोपरापर्यंत लाल झाला. त्याने जखमेत पट्टी कोंबायला घेतली, बोटाने आत आत, मोकळी जागा राहणार नाही अशी, आणि मग दोन्ही तळहातांनी अंगाचा भार टाकून दाबून धरलं. ओरडणारा त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता, की मला सोडून तिकडे काय करतोस. पोराने वर पाहिलंसुद्धा नाही. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे त्याला वर्गात शिकवलेलं होतं. पण वर्गातलं ते तिथे आठवणं वेगळं. दोघेही वाचले. पुढे त्या पोराला पदकबिदक काही मिळालं नाही, मिळायचं कारणही नव्हतं. त्याने आपलं काम केलं होतं.

शत्रूचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाला ते विचारावं लागेल. 1859 मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या रणात हजारो जखमी बेवारस पडलेले हेन्री ड्यूनां यांनी पाहिले, त्यातून रेडक्रॉस आणि 1864 चा पहिला जिनिव्हा करार आला. आपल्याकडे त्याच्याही दीडशे वर्षं आधी, आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया मोगलांच्या जखमींनाही पाणी पाजत असल्याची तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली, आणि गुरूंनी त्यांना वर मलमाची डबी दिली, ही कथा शीख पलटणीतल्या पोरांना तोंडपाठ असते. आजचा नियम तोच आहे: उपचाराचा क्रम फक्त जखम ठरवते, वर्दी ठरवत नाही.

वाचायला हे सोपं आहे. ज्याने तासाभरापूर्वी तुमच्या पलटणीचा माणूस मारला तो पकडला जाऊन समोर पडलाय, पोटात गोळी आहे, आणि मागे उभे असलेले तुमचेच सवंगडी म्हणतायत, "डॉक्टर साब, ड्रिप कशाला वाया घालवता?" तेव्हा गुडघ्यावर बसून त्याच्या हातात सुई लावायची आणि मान न वळवता म्हणायचं, "टॉर्च इकडे धर." शत्रूसमोर उभं राहायला सगळी पलटण बरोबर असते, इथे मात्र तिच्यासमोर तुम्ही एकटे असता. मला वाटतं, सगळ्यात अवघड हेच. आणि गंमत अशी की टॉर्च धरायला शेवटी कोणीतरी येतंच.

सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं नाव तुमच्या घरात माहीत असेल. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनमध्ये गेले, आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत राहिले, आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यामानाने कोरियाच्या युद्धात गेलेली आपली 60 पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी मराठी घरांत कोणाला ठाऊक नसते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ही तुकडी नोव्हेंबर 1950 मध्ये तिथे पोचली. महिन्याभरातच माघार सुरू झाली. उत्तर कोरियातल्या प्याँगयांगमधून निघायला गाड्या नाहीत, सामान नष्ट करून या, असा हुकूम आला. सामान म्हणजे ऑपरेशन थिएटरच. ते सोडलं तर पुढे जखमींना काय, नुसते हात? या लोकांनी स्टेशनात एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, रांग लावून बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरलं, डबे जोडले आणि सगळं सामान घेऊन गाडी स्वतः चालवत दक्षिणेला आणली. मार्च 1951 मध्ये यांच्यातलीच एक तुकडी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला विमानातून उतरली आणि जमिनीवर पोचताच जखमी घ्यायला लागली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. छत्रीने उडी मारल्याचं कौतुक होतं ते बरोबरच आहे, पण मला त्या बादल्यांचं जास्त वाटतं.

काबूलची 26 फेब्रुवारी 2010 ची सकाळ मात्र वेगळ्या जातीची. भारतीय वैद्यकीय पथक राहत होतं त्या गेस्टहाउसवर हल्ला झाला. मेजर लैश्राम ज्योतिन सिंह, मणिपूरचे, मेडिकल कोअरचे डॉक्टर, निःशस्त्र होते. त्यांनी हल्लेखोराला नुसत्या हातांनी मिठी मारून धरून ठेवलं. त्याने अंगावरचे स्फोटक उडवले. आतले सहकारी वाचले, मेजर गेले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. तिथे क्रम, शिस्त, प्रशिक्षण यातलं काहीच मी लावू शकत नाही. ते त्या माणसाचं स्वतःचं होतं.

उंचावरच्या ठाण्याचं थोडं सांगतो, कारण तुमचा मुलगा तिथे जायची शक्यता लढाईपेक्षा जास्त आहे. सियाचेनसारख्या जागी शत्रूपेक्षा हवा माणसं पाडते. रात्री एखाद्याला खोकला सुरू होतो, छातीत घुरघुर येते, ओठ निळे पडतात: फुप्फुसात पाणी. त्यावर इलाज एकच, खाली उतरवणं; आणि हेलिकॉप्टर वाऱ्यावर आणि उजेडावर अवलंबून. तोवर ऑक्सिजन, इंजेक्शन, आणि माणसाला आत घालून हवेचा दाब वाढवायची पिशवी असते, तिचा पंप पायाने मारत राहायचा, आळीपाळीने, पहाटेपर्यंत. औषधाच्या कुप्या गोठू नयेत म्हणून त्या रात्रंदिवस अंगावर, आतल्या बनियनच्या खिशात. सुई लावायला जाड मोजा काढावाच लागतो, आणि काही मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. डॉक्टर वायरलेसवर, खाली कुठेतरी. निर्णय वर, पंचवीस-तीस वर्षांच्या नर्सिंग असिस्टंटचा.

आणि खरं सांगायचं तर नोकरीतले बहुतेक दिवस यातलं काहीच नसतं. एमआय रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना, सकाळचा सिक रिपोर्ट म्हणजे आजारी जवानांची तपासणी, ताप, मलेरियाच्या गोळ्या, फोड आलेले पाय, कोणाला खरंच दुखतंय आणि कोणाला परेड टाळायचीय ते ओळखणं. मुलाला हे आधी सांगा. शौर्याच्या गोष्टी ऐकून आलेली पोरं या दिवसांत कंटाळतात. जे रोजच्या पायांच्या फोडांकडे नीट बघतात, त्यांच्यावर पलटण पुढे विश्वास टाकते.

मागाहून काय होतं, हेही आईला माहीत असावं. वाचवलेले विसरायला होतात, हातात गेलेले राहतात. सुट्टीवर आल्यावर पोरगा गप्प असेल तर खोदून विचारू नका. पण झोप उडाली, चिडचिड वाढली, दारू वाढली तर "फौजी आहे, सहन करेल" असंही म्हणू नका. त्यावर इलाज आहे आणि सैन्याच्या रुग्णालयात तो मिळतो.

जाता जाता एक तक्रार. ठाण्यात दर दुसऱ्या दवाखान्याच्या पाटीवर आणि डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर लाल क्रॉस दिसतो. ते चिन्ह डॉक्टरांचं नाही, ते युद्धात "याच्यावर गोळी झाडू नका" एवढंच सांगण्यासाठी आहे, आणि आपल्याकडे 1960 च्या कायद्याने परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. घाटावरच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलं की ते हसतात. असो.

आता मुलाने काय करावं. नर्सिंग असिस्टंटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय पक्के लागतात. टक्केवारी आणि वयाची अट चालू जाहिरातीत बघून घ्या, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. पळण्याचा सराव आत्तापासून, रोज. मेडिकल कोअरचं प्रशिक्षण केंद्र लखनौला आहे, तिथे आधी सैनिक घडवतात आणि मग नर्सिंग शिकवतात, त्यामुळे पायदळासारखीच ड्रिल आणि फायरिंग त्यालाही चुकणार नाही. रक्त पाहून चक्कर येते का, ही भीती असेल तर तीही तपासता येते. रबाळ्याच्या वर्गात मी कामगारांना डुकराच्या मटणाच्या तुकड्यात खोल भोक पाडून, आत नळीने लाल पाणी सोडून, पट्टी कोंबायला लावतो. प्रेस मशीनवरचे दांडगे गडी पहिल्या वेळी पांढरे पडतात, दुसऱ्या वेळी एकमेकांना "अरे, अजून आत घाल" म्हणून सांगायला लागतात. वर्ग शनिवारी दुपारी असतो. मुलाला पाठवा, आणि जमलं तर मामांनाही.